केळीच्या पाल्यावरची मुलगी

"आधी ती पोती उचला! साहेबांची गाडी पुलावर आली!"

प्राचार्य गिरधर महाजन यांची ही आज्ञा होताच मुली उंच उडीच्या खड्ड्यातील पोती ओढू लागल्या. वाळलेल्या केळीच्या पाल्याने ती ठासून भरलेली होती. तापीकाठच्या त्या सरकारी हायस्कूलने गादीची मागणी करून वर्षे लोटली होती. अखेरीस क्रीडाशिक्षक धर्मेंद्र यादव यांनी मळ्यामळ्यांतून पाला मागून आणला आणि पोती स्वतःच्या हाताने शिवली. दहावीतील भूमिका नावाची मुलगी याच पोत्यांवर पडत पडत जिल्ह्यात पहिली आली होती. आणि याच पोत्यांच्या फटीत हात सापडून तिचे मनगट मोडले होते.

हाड जुळले, परंतु किंचित वाकडे. तेव्हापासून तिची उडी बंद होती. आई मथुराबाई केळीच्या चिप्सच्या कारखान्यात कामाला जात असे. तिने एकच वाक्य सांगून ठेवले होते, "गादी येईन तवा मार उडी. पाल्यावर परत पडली तं शाळाच बंद करीन." विभागीय स्पर्धा तोंडावर आली होती आणि गादीचा पत्ता नव्हता.

अशातच एक छायाचित्र पसरले. कोणा वाटसरूने पूर्वी कधीतरी कुंपणाबाहेरून टिपलेले. दांडीवरून तरंगत जाणारी पाठमोरी मुलगी आणि तिच्याखाली केळीच्या पाल्याची पोती. शाळेचे नाव नव्हते. खाली एवढेच लिहिले होते, 'बऱ्हाणपूर का सरकारी स्कूल'. सारे शहर ते मोबाईलवर पाहत होते. त्यानंतर खेळ विभागाचे साहेब एकेक शाळा पाहत फिरत आहेत, अशी वार्ता आली.

महाजनांच्या मते याचा अर्थ एकच होता. चौकशी.

म्हणून सकाळपासून शाळेचे रूप पालटत होते. प्रयोगशाळेचे गंजलेले कुलूप फोडण्यात आले. संगणकांवरील धूळ पुसण्यात आली. एका खासगी शाळेतून निळी, फुगीर गादी दिवसभरासाठी टेम्पोने मागवण्यात आली. धर्मेंद्र सर हळूच म्हणाले, "सर, जो है सो दिखा देते. होऊन होऊन काय होईल?"

"होऊन काय होईल? पहिले तुमचीच बदली होईल, यादव! पोती कोणी शिवली? मी?"

महाजन भूमिकेकडे वळले. "ऐकलंस ना, बेटा? साहेबांनी विचारलं तर ती फोटोतली मुलगी तू नाहीस. तू कबूल केलंस की यादव सर गेले समज."

भूमिकेने मान डोलावली. ज्या गुरूने आपल्यासाठी दारोदार पाला मागितला, त्याचे वाईट आपल्या तोंडून कसे होऊ द्यावे?

साहेब आले. त्यांचे बालपण नेपानगरच्या कॉलनीत मराठी शेजारात गेले असल्याने ते स्वच्छ मराठी बोलत. प्रयोगशाळा त्यांनी दारातूनच पाहिली. संगणकांकडे तर त्यांनी नजरही टाकली नाही. ते सरळ मैदानावर गेले आणि निळ्या गादीपाशी थबकले.

"ही तुमची?"

"आपलीच सर," महाजन म्हणाले. "मुलींना कशाची म्हणून कमी नाही."

साहेबांचा चेहरा का कोण जाणे, पडला. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि ते छायाचित्र रांगेतल्या मुलींसमोर धरले. "हिला ओळखता का कोणी?"

मुलींनी माना खाली घातल्या. साहेबांची दृष्टी भूमिकेच्या मनगटावर स्थिरावली.

"हाताला काय झालं गं?"

"घरी पडले, सर. ओट्यावरून."

"उंची तर तेवढीच वाटते." ते तिच्याजवळ आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. खरं सांग, ही तूच ना?"

भूमिकेने धर्मेंद्र सरांकडे पाहिले. सर जमिनीकडे पाहत होते.

"नाही सर. मला उडी येत नाही."

साहेबांनी दीर्घ श्वास सोडला आणि मोबाईल खिशात ठेवला.

"आज इथे तरी सापडेल असं वाटलं होतं," ते महाजनांना म्हणाले. "विभागाकडे एकच नवी गादी शिल्लक आहे. म्हटलं, कागदी घोडे नाचवण्यापेक्षा त्या पोरीच्या शाळेत स्वतःच नेऊन टाकावी. बाहेर ट्रकात घेऊनच फिरतोय. तुमच्याकडे तर आहेच. आता तुकईथडच्या शाळेत बघतो."

धर्मेंद्र सरांनी मान वर केली. त्यांचे ओठ विलग झाले. महाजनांनी त्यांच्याकडे एकदाच रोखून पाहिले, आणि ते ओठ पुन्हा मिटले. भूमिका कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या ट्रकाकडे पाहत राहिली.

मग महाजन साहेबांना फाटकापर्यंत पोहोचवायला निघाले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "अवश्य शोधा सर. अशा गरजू मुलीला मदत व्हायलाच पाहिजे."