मास्तरांची शाबासकी

“काय दिसतंय, सांग,” मास्तर म्हणाले.

मुंगी एक्स-रेच्या पडद्यासमोर वाकली. बाहेर बाकावर एक गवंडी सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन बसला होता. “मनगट सरळ आलंय,” ती म्हणाली, “पण अंगठ्याकडची बाजू फोटोत आलीच नाही.”

“हं.” मास्तर उठले. गवंड्याला आत बोलावलं, बोटांनी चाचपत त्याचा हात पुन्हा बसवला आणि दुसरा फोटो घेतला. मुंगीचं बरोबर की चूक, याबद्दल चकार शब्द नाही.

मुंगी एक्स-रे विभागातली मदतनीस. चणीने एवढीशी, पण तिप्पट वजनाच्या पेशंटची ट्रॉली एकटीने ढकलत आणायची, म्हणून हे नाव पडलं. मास्तर तिथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. बाकीचे यंत्राच्या रेघा बघून पेशंटला उभं करायचे. मास्तरांना नुसतं खांद्याला बोट लावलं की पुरायचं. विभागात त्यांचा दरारा होता.

एक दिवस ती ट्रॉली लावून परत निघाली, तेव्हा त्यांनी तिला हाक मारली होती. “इकडे ये. काय दिसतंय?”

“हाड,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“ते आंधळाही सांगेल. नीट बघ.”

तेव्हापासून रोज तेच. वाकडं आलंय का, हललंय का, दोन्ही बाजूंचं सारखं दिसतंय का. ती सांगायची, मास्तर “हं” म्हणायचे. कधी पेशंटला सोडायचे, कधी फोटो परत घ्यायचे. शेवटी तीच हट्टाला पेटली. डॉक्टरांचा रिपोर्ट आला की आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघायची. एका तंत्रज्ञाचं जुनं पुस्तक मागून आणलं आणि त्याची पानं सुटी होईपर्यंत वाचलं.

“तुझे मास्तर म्हणजे तोंडात मूग धरलेले,” आई म्हणायची. “एकदा शाबास म्हणाले तर जीभ झिजेल का त्यांची?”

“त्यांची पद्धत आहे ती, आई. लाडावून ठेवत नाहीत.”

मग एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाची जाहिरात लागली. जागा बारा, दरवर्षी अर्ज सातआठशे. वयाची अट तीस. मुंगीला तीस पुरी व्हायला दोन महिने उरले होते. आता नाही तर कधीच नाही. अर्जाला विभागातल्या ज्येष्ठ तंत्रज्ञाची शिफारस हवी होती. आठवडाभर कागद पिशवीत घेऊन फिरल्यावर तिने एका दुपारी धीर केला.

मास्तरांनी ऐकून घेतलं. “वर्ग रोज असतात?”

“रोज. नऊ ते पाच. दोन वर्षं.”

“म्हणजे तू इथे नसणार.”

“नाही.”

मास्तर पेनाचं टोपण काढत-लावत बराच वेळ बसले. आपण पायरी सोडून बोललो, असं तिला वाटलं. ती कागद उचलणार तेवढ्यात ते म्हणाले, “कुठे करायची सही? बोट ठेव.”

लेखी परीक्षेत ती काठावर तरली. मुलाखतीला तीन परीक्षक होते. त्यांनी पडद्यावर एक छातीचा फोटो लावला आणि काही विचारायच्या आतच मुंगीने सांगायला सुरुवात केली. पेशंट जरा डावीकडे वळलाय. श्वास अर्धाच घेतलाय. फोटो परत घ्यावा लागेल. दुसरा फोटो, तिसरा, सहावा. तिचा आवाज एकदाही कापला नाही.

मधल्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. “शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा इथे अडखळतात. तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आमच्या मास्तरांनी. ते रोज विचारतात.”

“आणि चुकलं तर?”

“सांगत नाहीत. माझं मीच शोधते.”

बाई शेजाऱ्याकडे बघून हसल्या. “असे शिक्षक आता कुठे राहिलेत?”

यादी लागली. मुंगी चौथी. आईने यादीवरचं नाव दोनदा वाचून घेतलं आणि मग पदर डोळ्यांना लावला. “जा,” म्हणाली, “आधी त्यांच्या पाया पडून ये.”

मास्तर कपाट रिकामं करत होते. डबा, छत्री, दोन स्वेटर असं सगळं टेबलावर काढलं होतं.

“मास्तर, मिळाला प्रवेश. चौथी आले.”

“मिळणारच होता,” मास्तर म्हणाले. त्यांना एवढं मोकळं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

ती वाकली, पाया पडली. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. “हे काय? रजेवर निघालात?”

“नोकरी सोडली. आज राजीनामा दिला.”

“पण अजून तीन वर्षं होती ना तुमची?”

“पुरे झालं. तू तुझं बघ. पहिल्या दिवशी उशीर करू नकोस.”

मुंगी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आता ती त्यांच्या हाताखाली नव्हती. विचारायला हरकत नव्हती.

“मास्तर, एवढे दिवस मी उत्तरं देत आले, तुम्ही बरोबर की चूक एकदाही सांगितलं नाहीत. आज तरी सांगा. किती बरोबर आली माझी?”

मास्तरांनी स्वेटरची घडी घातली, ती हाताने सपाट केली आणि चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला वळवला.

“ते मला कसं कळणार, मुंगे?” ते म्हणाले. “पडद्यावरचं मला दिसेनासं झालं, त्याला आता दोन वर्षं होतील.”