शांतीचा हात

“मागे कुठे टेकतेस, पुढे चल ना!” रॉझलिंडनं मॉरीनला कोपरानं ढोसलं आणि कॅथेड्रलच्या तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. जन्मभर दाराजवळचा बाक धरणारी ही धाकटी बहीण आज एवढी पुढे पुढे का करत होती, देव जाणे.

दोन दिवस या लिंकन शहरात यायचं खूळही तिचंच. मॉरीनच्या खनपटीलाच बसली होती. काल कॅथेड्रलकडे येणाऱ्या उभ्या चढणीवर मॉरीनला धाप लागली, तर म्हणते कशी, “चल गं म्हातारे, वर चहा-केक मिळेल!” मॉरीन खळखळून हसली. टोबी गेल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

टोबी तिचा एकुलता एक. आठ वर्षांपूर्वी कॅलम नावाच्या पोरानं दारू ढोसून त्याच्या अंगावर गाडी घातली. तुरुंगातून सुटल्यावर तो माफी मागायला आला, तेव्हा मॉरीननं धाडकन दार लावून घेतलं. “मरेपर्यंत माफ करणार नाही,” असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्या एका शब्दावरच तर ती आजवर उभी होती.

प्रार्थना झाली. पाद्री म्हणाले, “आता एकमेकांना शांती द्या.” सगळे उठले. ओळख ना पाळख, तरी माणसं आजूबाजूला, पुढे-मागे हात मिळवू लागली. मॉरीनही सवयीनं मागे वळली. हात आधी पुढे गेला, नजर नंतर.

“तुम्हाला शांती लाभो,” मागचा माणूस पुटपुटला.

“तुम्हालाही,” ती बोलून गेली. मग तिनं चेहरा पाहिला.

कॅलम!

हात ओढून घ्यावा, तर बोटांत जीव नाही. एवढ्या मोठ्या देशात या मेल्याला आजच, इथंच, माझ्याच मागे बसायचं होतं? देवा, ही कसली रे थट्टा! ‘ही शांती मी तुला दिलेली नाही, परत दे,’ असं तिला ओरडायचं होतं, पण भर प्रार्थनेत ओरडणार कसं? पडू नये म्हणून तिनं शेजारच्या रॉझलिंडचा दंड घट्ट धरला.

कॅलमचे डोळे डबडबले होते. त्यानं मॉरीनचा हात हळूच सोडला आणि तिच्या बहिणीकडे पाहिलं.

“रॉझ मावशी, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. दिला त्यांनी हात.”