काच शाबूत

काच आजही शाबूत होती.

मन्सूर अत्तारने विजेरीचा झोत खांबाच्या माथ्यावर पुन्हा एकदा फिरवला. केसाएवढी चीर, तिच्यावर आडवी बसवलेली वीतभर काचेची पट्टी, दोन्ही टोकांना सिमेंट आणि सिमेंटात खिळ्याने कोरलेली अकरा वर्षांपूर्वीची तारीख. चीर जराशी जरी हलली, तरी काचेने तडकायला हवं. उद्या खाणीच्या परवान्याची सुनावणी होती. एक फुटकी काच हाती लागली असती, तर परवाना थांबला असता आणि लेणं वाचलं असतं. मन्सूरने नोंदवही उघडली, 'काच शाबूत' असं लिहिलं आणि खाली सही केली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक याप्रमाणे ही त्या वहीतली एकशे बत्तिसावी सही.

वाघोलीच्या पुढच्या या टेकडीला एका अंगाने लेणं होतं आणि दुसऱ्या अंगाने सर्जेरावांची दगडखाण. मधे दोनशे पावलं. दुपारी सुरुंग उडाले की लेण्याच्या छतातून बारीक चुरा पडायचा, म्हणून मन्सूर डबा खाताना भाजीवर झाकण ठेवायला शिकला होता. लेणं काही मोठं नव्हतं. एक दालन, सहा खांब, आणि एका खांबावर कुणा कारागिराने अर्ध्यावर सोडलेला हत्ती. सोंड झाली, पाय राहिले. मन्सूरला आपल्या दुखऱ्या गुडघ्यांपेक्षा त्या हत्तीच्या न झालेल्या पायांची काळजी जास्त.

पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत ही गोष्ट लपून राहिली नव्हती. "अहो अत्तार," शेजारच्या टेबलावरचे दिगंबर लेले म्हणायचे, "काच फुटत नाही म्हणून सुतकी चेहरा करून फिरणारे या पुण्यात आपण एकटेच."

लेण्यावर पहारेकरी म्हणून गेनबा होता. खालच्या वाडीतला, साठीकडे झुकलेला, रोजंदारीवरचा. पहारेकरी दोन तऱ्हेचे असतात. साहेब यायच्या दिवशी झाडणारे आणि रोज झाडणारे. गेनबा रोज झाडायचा. त्याच्याबद्दल मन्सूरला कधी एक वावगा शब्द लिहावा लागला नव्हता.

मंगळवारी सुनावणी झाली. सर्जेराव पांढऱ्या कपड्यांत आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि टेबलावर एकच कागदांचा गठ्ठा ठेवला. मन्सूरच्याच नोंदवहीची नक्कल. माणूस दुष्ट नव्हता, फक्त त्याला वाचता येत होतं. मन्सूरने हादरे सांगितले, छतातला चुरा सांगितला, पायाखालची जमीन कशी थरथरते तेही सांगितलं. अधिकाऱ्याने मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"खरंही असेल हे, अत्तार. पण काच काय म्हणते?"

"शाबूत आहे."

"आणि सही कुणाची?"

"माझी."

निकाल चार ओळींचा. खाणीला दहा वर्षांची मुदतवाढ, आणि हद्द लेण्याच्या बाजूला आणखी शंभर पावलं सरकवायला हरकत नाही. जिन्यात सर्जेरावांनी मन्सूरचा हात हातात घेतला. "साहेब, आजवर जो तो आमच्या विरोधातच बोलला. आमच्या बाजूने बोललेला पहिला कागद तुमचा." टोमणा नव्हता तो. मनापासून मानलेले आभार होते.

बुधवारी त्याने रजा टाकली आणि स्कूटर नगर रस्त्याला लावली. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हत्तीला एकदा बघून यावं, एवढंच. पहिल्या सोमवारखेरीज तो तिथे कधी गेलाच नव्हता; नेम तसाच ठरलेला होता.

दालनात पाऊल टाकलं तर खांबाला बांबूची शिडी लावलेली. वर गेनबा. काचेची कोरी पट्टी चिरेवर दाबून तो ओल्या सिमेंटात खिळ्याने तारीख कोरत होता. तीच, अकरा वर्षांपूर्वीची. आकडे हुबेहूब मन्सूरच्या वळणाचे.

"गेनबा, हे काय?"

गेनबा दचकला नाही. जरासा लाजला, देव पुसताना कुणी बघावं तसा. "आज तर बुधवार हाय, सायेब. तुमी कसं?"

"कितवी ही?"

"मोजतंय कोण. आधी वर्षाला एखादी जायची. आता आठवड्याला दोन जात्यात. नवं सिमेंट डोळ्यांत भरतं म्हणून वर राखेचा हात मारतो. लेण्याला शोभाय नको?"

मन्सूर खांबाला पाठ लावून खाली बसला. निकालाची शाई कालच वाळली होती. आता हे जाऊन सांगितलं, तर वही खोटी ठरणार, वहीवाला खोटा ठरणार आणि गेनबाचं काम जाणार. खोट्या वहीवर कुणी निकाल फिरवणार नाही, खाण मात्र राहणार. पलीकडे सुरुंगाआधीची शिट्टी वाजली. धक्का आला, चुरा पडला, आणि गेनबाने मान वर करून आधी काच पाहिली. ती तडकली नव्हती. त्याने सुस्कारा सोडला.

"पण का, गेनबा?" मन्सूरने विचारलं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

गेनबा सावकाश शिडी उतरला. विसरलेल्या पोराला धडा आठवून द्यावा, तशा मायेने बोलला.

"तुमीच की, सायेब. पहिल्या दिवशी काच बसवली तवा म्हणला होता, गेनबा, ही फुटली की लेणं गेलंच समजा. तवापासनं मी तिला एक दिवस फुटकी राहू दिली न्हाई."