दुखवट्याची चटई

मयताच्या मांडवात सावकारीण एलेनोआने दुखवट्याचा आहेर म्हणून केवड्याच्या पानांची, टोंगात सोन्यासारखी जपतात तशी बारीक विणीची चटई पसरली, तेव्हा लुसेआनेने पुढे सरकून कोपरा निरखला. त्यावर निळ्या दोऱ्याचं रफू होतं. म्हणजे ही तिच्या आजीने विणलेली चटई, तीन वर्षांपूर्वी लुसेआनेनेच लेकीच्या शाळेच्या फीसाठी एलेनोआकडे गहाण टाकलेली आणि व्याज थकल्याने बुडालेली. एवढी मोलाची वस्तू सावकारीण अशी सहज देते कशी, हे काही तिला कळेना. संध्याकाळी टोंगाच्या रिवाजाप्रमाणे घरच्यांनी आलेल्या चटया सोयऱ्यांना वाटल्या आणि नेमकी हीच लुसेआनेच्या मांडीवर आली. तिने एलेनोआकडे पाहिलं; ती गालात हसत होती. “मावशी, चांगली चटई हातची गेली, वाईट नाही वाटलं?” “जातेय कुठे? चार मयतांना हीच दिली मी,” एलेनोआ म्हणाली. “कुणाच्याही घरी जाऊ दे गं, शाळेच्या फीचा महिना आला की माझ्याच दारात येते.”