सर्व्हर पेंगला की

"गेटवर ट्रक अडकलाय, मालाची लेबलं निघेनात! लाव त्या उद्धवरावांना फोन," प्लँट मॅनेजर नानासाहेब दारातूनच ओरडले.

दिव्याने फोन लावला. चाकणच्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम तिचं. तो अडला की चिखलीहून उद्धवरावांना बोलवायचं, असा कंपनीचा करार होता. लिनक्सवर चालणारा सर्व्हर एकच. लेबलांचं, बिलांचं, हजेरीचं अशी सगळी व्हर्च्युअल मशीनं त्याच्याच पोटात. तो पेंगला की सगळीच पेंगणार!

उद्धवराव स्कूटरवरून आले, पडद्यावर नजर टाकली. "पॉवर मॅनेजमेंटचा घोळ आहे, साहेब. वीज वाचवायच्या नादात प्रोसेसर झोपतोय." त्यांनी चार अक्षरं टाइप केली. लेबलं भराभर निघाली आणि ट्रक गेला.

नानासाहेबांची पाठ वळली तसा उद्धवरावांचा आवाज बदलला. "जेवलीस का पोरी, का नुसत्या चहावरच दिवस काढलालीस?"

ते ऐकलं की दिव्याला भरून यायचं. अख्ख्या चाकणात लातूरची बोली बोलणारं तिला दुसरं कुणी भेटलं नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये कानात गाणी लावलेल्या माणसांशेजारी बसायचं, मोशीच्या खोलीत भिंतींशी बोलायचं, की झाला दिवस! उद्धवरावांचंही तेच. काकू गेल्यापासून त्यांनाही एकट्यानं घास गिळवत नसे. काम झालं की दोघं सर्व्हरच्या खोलीबाहेर बसून निवांत जेवायची.

त्या दिवशी मात्र नानासाहेब परत आले. "उद्धवराव, दर पंधरवड्याला हेच रडगाणं. आता पुन्हा सर्व्हर पेंगला तर करार रद्द. मी दुसरा माणूस बघतो."

ते गेल्यावर उद्धवराव हळूच म्हणाले, "एवढं एकच काम उरलंय बघ माझ्याकडं. हे गेलं तर घरात बसून पंख्याकडं बघायचं."

दिव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिना सुरळीत गेला. सर्व्हरची एकदाही कुरकुर नाही, नानासाहेब खूश. दिव्या डबा उघडायची, दोन घास खायची आणि झाकण लावायची. उद्धवकाकांना फोन करावासा वाटायचा. पण काम नसताना काय म्हणून करायचा? मग मोबाइल पालथा घालून ठेवायची. एवढी माणसं आजूबाजूला, पण बोलायला म्हणून मेलं एक नाही!

आणि एका दुपारी लेबलं पुन्हा अडकली.

दिव्यानं घाईनं कीबोर्ड ओढला, पण नानासाहेब आधीच मागे येऊन उभे होते. "हात लावू नकोस. येऊ दे त्यांनाच."

उद्धवराव आले, पडद्याकडे फारसं न बघताच त्यांनी सेटिंग बदललं आणि सर्व्हर उठला.

"आभारी आहे," नानासाहेब कोरडेपणानं म्हणाले. "उद्यापासून येऊ नका." आणि निघून गेले.

दिव्याला रडूच फुटलं. "काका, आईची शपथ, या वेळी मी काहीच केलं नव्हतं हो!"

उद्धवरावांनी पिशवीतून डबा काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"ठावं हाय मला. मागचंबी सगळं ठावं हाय. म्हैनाभर तुझा फोन आला न्हाई, म्हणून ह्या बारीला घरच्या कॉम्प्युटरवरनं मीच सर्व्हर झोपवला."