जे पाहिलं तेवढंच

“‘निष्काळजी’ हा शब्द काढ,” आई म्हणाली. “तो तुझा शब्द आहे. तुला दिसलं काय, ते सांग.”

लेकीनं पुन्हा सुरुवात केली. “मी दुपारी गेले तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. आत मुलगी एकटीच होती. गॅस पेटवताना तिचा हात भाजला होता.”

“पेटवताना भाजला, हे तू पाहिलंस?”

“नाही. तिनं सांगितलं.”

“मग तसंच म्हण. आणि माझ्याकडे बघून म्हण. मी आत्ता तिची आई आहे.”

बैठकीआधीची ही त्या दोघींची जुनी रीत. आईनं निम्मं आयुष्य बाल संरक्षणाच्या बैठका चालवल्या होत्या. निवृत्त झाली तरी खोड काही जात नव्हती. लेक त्याच खात्यात समाजसेविका. मुलाचं नावगाव घरात कधी उच्चारलं जायचं नाही, पण काय बोलायचं ते आईपुढे म्हणून दाखवल्याशिवाय लेकीला चैन पडत नसे. आई मटार सोलता सोलता कधी दारुडा बाप व्हायची, कधी भांडकुदळ आजी. आज ती कारखान्यात पाळी करणारी एकटी बाई होती.

“मी काय करू हो ताई?” आईनं आवाज बारीक केला. “पोरीला कामावर नेऊ देत नाहीत. कोंडलं नाही तर रस्त्यावर जाईल. तुम्हीच सांगा, काय करू?”

लेकीनं ताटातली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

“अडलीस,” आई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. “इथंच सगळे अडतात.”

“तू काय उत्तर द्यायचीस?”

“उत्तर नसतंच. पोर दुसऱ्या घरी न्यायचं. काही दिवस रडतं, मग रुळतं. मुलं रुळतात गं.” तिनं एक दाणा तोंडात टाकला. “आणि हे माझं पाहिलेलं आहे हं, ऐकीव नाही.”

तेवढ्यात डबा परत द्यायला आलेल्या शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “झाली का तालीम? ती मान तिरकी करून बोलायची ढब बघा लेकीची! अगदी आईची छापील प्रत!”

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. लेकीनं पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला.

“उद्या त्या बाईला घरी जाऊन सगळं वाचून दाखव,” ठसका ओसरल्यावर आई म्हणाली. “बैठकीत तिनं पहिल्यांदाच काही ऐकलं असं होता कामा नये. आणि केस नीट बांध. झिपरी दिसतेस.”

दुसऱ्या दिवशी त्या एका खोलीच्या घरात लेक अहवाल वाचत होती. मुलगी पलंगाखाली बसून बाहुलीशी कुजबुजत होती. फोन वाजला. काकू होत्या. आई भाजी घेऊन जिना चढत होती. वर पोचलीच नाही.

बैठक पुढे ढकलली गेली नाही. मोठ्यांच्या अडचणीपायी मुलानं ताटकळू नये, हा दंडक आईनंच घालून दिलेला.

“मी वाचतो ना तुझा अहवाल,” तिच्या खात्यातले साहेब म्हणाले. “घरी थांब. अजून डोळ्याचं पाणी खळलं नाहीये तुझ्या.”

“त्या दारात मी उभी होते साहेब. तुम्ही नव्हता.”

लांब टेबल, प्लॅस्टिकचे पेले, खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. बाई थेट पाळीवरून आली होती, कारखान्याचा निळा कोट अंगात तसाच. अध्यक्ष एकेकाला विचारत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजल्याला तीन दिवस होऊन गेले होते, औषध लावलेलं नव्हतं. शाळेच्या बाईंनी सांगितलं, मुलगी वर्गात झोपते आणि डब्यातला अर्धा घास आईसाठी म्हणून झाकून ठेवते. हवालदार म्हणाला, “दुसऱ्यांदा कुलूप तोडलं आम्ही.”

मग प्रत्येकानं आपलं मत द्यायचं: ठेवावं की हलवावं. सगळे म्हणाले, हलवावं. कुणीच मान वर केली नाही.

लेकीची पाळी आली. ती बाईकडे बघून बोलली. जे पाहिलं तेवढंच. एक विशेषण नाही. शेवटी म्हणाली, “हलवावं.”

बाई ओरडली नाही, रडली नाही. कोटाचं बटण फिरवत म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. ते घर चांगलं असेल ना हो?”

“चांगलंच बघू,” अध्यक्ष मायेनं म्हणाले. ते आईच्या हाताखाली तयार झालेले. “अहो, लहान आहे ती. चांगल्या माणसांत पडली की सहा महिन्यांत हसायला-खेळायला लागेल. या ताईंच्या आईनं अशी कितीतरी मुलं मार्गी लावली.” ते लेकीकडे वळले. “सांग ना त्यांना. धीर येईल.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“मी तुमच्या मुलीच्याच वयाची होते,” ती बाईला म्हणाली. “माझी आई तुमच्यासारखीच टेबलाच्या त्या टोकाला बसली होती. बैठक चालवणाऱ्या बाई मला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. परवा त्या गेल्या. त्यांना लागेल म्हणून मी कधीच बोलले नाही.”

बाईचं बटण फिरवणं थांबलं.

“मला घरी जायचं होतं.”