शुक्रवारचं बीजगणित

“आधी बघ, एकटं कुणाला करायचंय,” वजीह म्हणाला. “उंचीला. मग तिच्याभोवती जे काही आहे, ते एकेक करून पलीकडे पाठवायचं.”

“हाकलून द्यायचं म्हणा ना, अम्मो,” मुलगी म्हणाली.

अम्मो, म्हणजे काका. मन्सूरा शहरात फळवाल्यालाही पोरं अम्मोच म्हणतात. वजीहने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा, पुडा तिच्याकडे सरकवला.

समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रातून उंची काढायची होती. तिने दोनाने गुणून घेतलं, ते बरोबर होतं. मग कंस फोडून त्यातली एकच बाजू पलीकडे नेली.

“कंसातल्यांची ताटातूट करायची नाही, जुमाना. जातील तर दोघी मिळून जातील.”

“हे फक्त गणितात,” ती पुटपुटली आणि खोडरबर शोधू लागली.

वजीहने वहीखाली अडकलेलं खोडरबर काढून तिला दिलं. जुमाना पाळण्यात होती तेव्हाच तो कुवेतला पंप दुरुस्तीच्या कामावर गेला. दोन वर्षांत परततो म्हणाला होता. सौसनने वाट पाहिली, मग घटस्फोट घेतला आणि फोनचा नंबर बदलला. लेकीचा एक फोटोसुद्धा कधी आला नाही. गेल्या वर्षी तो कायमचा परतला, तोवर ती चौदाव्यात गेली होती. न्यायालयाने त्याला भेटीचा दिवस ठरवून दिला : शुक्रवार, नमाजानंतर तीन तास, युवक केंद्राच्या आवारात.

सौसन स्वतः येत नसे. तिचा भाऊ इहाब मुलीला घेऊन येई. फाटकाशी बसलेला कारकून जन्मदाखला बघे, इहाबची सही घेई आणि पुन्हा आपल्या चहाकडे वळे. इहाब लांब उपाहारगृहाच्या कडेला खुर्ची टाकून बसे. वजीहला त्याने कधी सलाम केला नाही, पण नजर मुलीवरून हलू देत नसे. मूल आणायचं चुकवत गेलं तर ताबा जाऊ शकतो, म्हणून सौसनने एकही शुक्रवार चुकवला नव्हता. एवढं तरी बरं, असं वजीहला वाटे.

पहिले काही शुक्रवार फार वाईट गेले होते. तो विचारी, ती मान हलवी. नावाने हाक मारली तरी दुसऱ्या हाकेला वर बघे. तो समजून होता. ज्याला कधी पाहिलंच नाही, त्याच्या तोंडून आपलं नाव कोणाला ओळखीचं वाटेल?

मग एकदा तिने दप्तर आणलं. वेळ तरी जाईल, म्हणाली. वजीहची शाळा सुटून जमाना झाला होता. त्या रात्री त्याने जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून तेच पाठ्यपुस्तक शोधून आणलं. तेव्हापासून आठवडाभर आपल्या पंप दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मोटारींच्या पसाऱ्यात बसून सूत्रं उलटीसुलटी करी. तिच्यापुढे एक धडा असावं, एवढाच त्याचा बेत होता. शेजारचा वेल्डर विचारी, या वयात परीक्षेला बसतोस की काय? वजीह म्हणे, हो, बसतोय.

आणि ते खोटं नव्हतं. पुढच्या वर्षी जुमानाला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. मग न्यायाधीश तिलाच विचारणार होते, कुणाकडे राहायचं.

“झालं,” मुलगी म्हणाली. “क्षेत्रफळाची दुप्पट, भागिले दोन्ही बाजूंची बेरीज.”

त्याने तपासलं. बरोबर होतं. पुढची चार सूत्रं तिने त्याला न विचारता सोडवली. तो हरखून म्हणाला की हे रक्तातच असतं, त्याचे वडीलही कापसाच्या गाठींचे हिशेब तोंडी करायचे. मुलीचे कान लाल झाले. तिने एकदा इहाबकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

विचारायचं नाही, असं वजीहने मनाशी घोकून ठेवलं होतं. पण पेन्सिली गोळा करताना शब्द निघून गेले.

“पुढच्या वर्षी तुला विचारतील. मी काही मागत नाही. आईचं घर तुझंच आहे. पण माझ्याकडे एक खोली रंगवून ठेवलीय, एवढं फक्त ठाऊक असू दे.”

तिने पेन्सिलीचं टोक नखाने खरवडलं.

“मला विचारलं ना,” ती म्हणाली, “तर मी तुमच्याकडेच म्हणेन.” आणि मग अगदी हळू, “बाबा.”

वजीहने मान वळवली. कारकुनाने वेळ संपल्याची हाक दिली. मुलीचे डोळे भरलेले त्याला दिसले, आणि तेही आनंदानेच असणार, असं त्याने धरलं. इहाब आला आणि तिला हाताला धरून घेऊन गेला. वजीह रिकाम्या फाटकाकडे बघत हसत उभा राहिला.

इहाबने तिला गाडीतून इमारतीखाली सोडलं. तिसऱ्या मजल्यावर सौसनच्या घराचं दार या मुलीच्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलीने उघडलं आणि ती पुन्हा दूरचित्रवाणीसमोर जाऊन बसली.

“तुझा गृहपाठ झाला, जुमाना,” आलेली मुलगी बुटांचे बंद सोडत म्हणाली. “माझ्या बाबांना सांग, पुढच्या शुक्रवारी मी जाणार नाही.”

जुमानाने पडद्यावरची नजर हलवली नाही. तिने विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलले का ते?”

“तुझ्याशीच बोलत होते,” मामेबहीण म्हणाली. “सगळा वेळ.”